एक प्रश्नचिन्ह, चार प्रश्न : राजभाषामंत्र्यांना खुले पत्र

माननीय राजभाषामंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

विषय : एकाच वाक्यात अनेक प्रश्न असल्यास मराठी सरकारी लेखनात विरामचिन्हे कशी द्यावीत, याबाबत परिपत्रक काढण्याविषयी.

महोदय,

आमच्या वाड्यावरचे गटार अर्धवट राहिले, म्हणून मी माहिती अधिकाराखाली एका कार्यालयात अर्ज दिला होता. त्यातले मुख्य वाक्य असे होते : ‘सदर कामाची निविदा कधी निघाली, काम कोणत्या कंत्राटदाराला मिळाले, त्याला आजवर किती रक्कम अदा झाली आणि काम अर्धवट का राहिले?’ उत्तर मुदतीत आले, पण ते एकाच ओळीचे होते : कारणे विचारणारा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

शेवटच्या प्रश्नापुरते हे उत्तर कायद्याला धरून आहे, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली नेमका हाच मुद्दा निकालात काढला आहे. परंतु निविदेची तारीख, कंत्राटदाराचे नाव आणि अदा केलेली रक्कम ही माहिती तर दप्तरी असते. वाक्यात प्रश्नचिन्ह एकच होते आणि तेही ‘का’ असलेल्या प्रश्नाला लागून होते, म्हणून संपूर्ण वाक्य एकच प्रश्न ठरले आणि आधीचे तीन प्रश्न त्याच्याबरोबर बुडाले. व्याकरणाच्या दृष्टीने त्या वाक्यात काहीही वावगे नव्हते. स्वल्पविरामांनी जोडलेल्या प्रश्नांच्या अखेरीस एकच प्रश्नचिन्ह देणे ही मराठीतील रूढ पद्धत आहे.

मग प्रत्येक प्रश्नापुढे प्रश्नचिन्ह द्यावे, असे कोणी सुचवील. इंग्रजीत ते चालते, कारण तेथे क्रियापद आरंभीच येऊन गेलेले असते आणि मधल्या प्रश्नचिन्हानंतरचा शब्द लहान अक्षराने सुरू केला की वाक्य अजून संपलेले नाही हे वाचकाला कळते. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत आणि मराठीचे क्रियापद बहुधा शेवटी येते. ‘दाखला कोणाकडे? कोणत्या दिवशी? किती शुल्क भरून मिळतो?’ असे लिहिले, तर पहिले दोन तुकडे क्रियापदावाचून लोंबकळत राहतात. त्याऐवजी ‘दाखला कोणाकडे, कोणत्या दिवशी आणि किती शुल्क भरून मिळतो?’ हेच सरळ वाटते. म्हणून माझ्या मते क्रियापद सामाईक असेल तेथे स्वल्पविराम व शेवटी एक प्रश्नचिन्ह, आणि प्रत्येक प्रश्नाला स्वतःचे क्रियापद असून उत्तरही स्वतंत्र अपेक्षित असेल तेथे प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह, असा भेद करावा.

तिसरा प्रकार कार्यालयांत सर्वाधिक आढळतो आणि तेथेच सर्वाधिक गोंधळ होतो. ‘निविदा कधी निघाली? काम कोणाला मिळाले? याची माहिती द्यावी’ असे सर्रास लिहिले जाते. हे वाक्य मुळात विनंतीचे आहे. प्रश्न तिच्या पोटात आहेत. त्यामुळे ‘निविदा कधी निघाली, काम कोणाला मिळाले, किती रक्कम अदा झाली, याची माहिती द्यावी.’ असे स्वल्पविराम देऊन शेवटी पूर्णविराम देणे योग्य. येथे एकही प्रश्नचिन्ह नाही, तरी प्रश्न तीन आहेत, हे उत्तर देणाऱ्याने ओळखले पाहिजे.

ही चिन्हे मराठीला जन्मजात नाहीत, हे मी जाणतो. ती छापखान्याच्या काळात आली, मुंबई इलाख्यात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी रुळली, आणि त्याआधीची मोडी दप्तरे त्यांच्यावाचून चालली. पण त्या दप्तरांच्या काळी नागरिकाला तीस दिवसांत उत्तर मागण्याचा कायदेशीर हक्क नव्हता.

आपल्याच विधानसभेत तारांकित प्रश्नाचे अ, ब, क असे भाग पाडले जातात आणि उत्तरही त्याच क्रमाने दिले जाते. ती सोय पंचायतीत किंवा मामलेदार कचेरीत अर्ज देणाऱ्यालाही मिळावी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान दिले असल्याने राजभाषा संचालनालयाने असे परिपत्रक काढणे उचित होईल. देवनागरी कोकणीतही क्रियापद सामान्यतः शेवटीच येते, तेव्हा थोड्या फरकाने तेच नियम दोन्ही भाषांना लागू पडतील.

परिपत्रकात वरील तिन्ही प्रकार उदाहरणांसह द्यावेत आणि अधिकाऱ्यांना स्पष्ट सूचना असावी की प्रश्नांची संख्या प्रश्नचिन्हांवरून ठरवू नये, तसेच वाक्यातील एक भाग नाकारण्याजोगा असला तरी उरलेल्या भागांची उत्तरे द्यावीत. मसुदा अंतिम करण्यापूर्वी तो मराठीच्या शिक्षकांना आणि पंचायत सचिवांना दाखवावा. पहिल्यांना नियम ठाऊक असतात आणि दुसऱ्यांना अर्ज प्रत्यक्षात कसे येतात ते.

आपला नम्र,
बार्देश तालुक्यातील एक नागरिक