जंतनाशकाच्या लेबलावर शेळीची मात्रा वेगळी छापा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: अल्बेंडाझोलच्या बाटलीवरील शेळीच्या मात्रेबाबत तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीचं अल्बेंडाझोल मी माझ्या २२ शेळ्यांना पाजलं. लेबलावर ‘शेळ्या-मेंढ्या’ असा एकच रकाना आणि त्यापुढे एकच मात्रा आहे. प्रत्येक शेळीचं वजन करून, दर वेळी बाटली हलवून, मी त्याच मात्रेनं औषध दिलं. अंदाजपंचे काही केलं नाही.

दोन आठवड्यांनी एका पहिलटकरणीच्या जबड्याखाली पाणी साचलं. सूज सकाळी जरा ओसरायची, दिवसभर मान खाली घालून चरून आली की पुन्हा भरायची. खालची पापणी ओढून पाहिली तर आत लालीचा मागमूस नव्हता. रक्त पिणाऱ्या जंतांनी ती पोखरली होती. चौथ्या दिवशी ती गेली.

औषध पाजण्याआधी दहा शेळ्यांच्या लेंड्या तपासून घेतल्या होत्या, त्याच दहांच्या १४ दिवसांनी पुन्हा तपासल्या. सरासरी ग्रॅममागे जंतांची १४०० अंडी होती, ती ६०० वर आली. म्हणजे घट जेमतेम ५७ टक्के. औषध लागू पडलं म्हणायला ती किमान ९५ टक्के हवी. पशुवैद्यक म्हणाले, जंत औषधाला सरावलेले असू शकतात, पण मात्राही कमीच पडली. शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा लवकर निकामी करतं, म्हणून तिला साधारण दीड ते दोन पट मात्रा लागते. अपुऱ्या मात्रेतून जे जंत वाचतात, तेच पुढची पिढी वाढवतात. हे आपल्याला ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

आपल्या मदत क्रमांकावर उत्तर मिळालं, ‘मग दुप्पट पाजा.’ कोणती शेळी गाभण आहे, हे विचारलंसुद्धा नाही! गाभणपणाच्या सुरुवातीला अल्बेंडाझोल दिलं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. ती सूचना बाटलीवर आहे, पण घडीखाली, वाचता येणार नाही एवढ्या बारीक अक्षरांत.

शेळीची मात्रा स्वतंत्र रकान्यात छापा. गाभण शेळीबाबतची सूचना मात्रेच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत द्या. मदत क्रमांकावर पशुवैद्यक बसवा. माझ्या बाटलीचा बॅच क्रमांक आणि लेंडी तपासणीचे दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत. शेळीच्या मात्रेचा आकडा आपण कशावरून ठरवला, ते १५ दिवसांत लेखी कळवावं.

आपला,
एक शेळीपालक