फोनला घाई असते, तुम्हाला नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, इकडे सगळे मजेत आहेत. फोनवरून फोन शिकवता येत नाही, म्हणून हे पत्र. मी सांगते "आता खालचं हिरवं दाब" आणि आई म्हणते "अगं, पडदाच काळा झाला." तो बिघडलेला नाही. फोन कानाशी नेला की वरच्या बाजूचा बारीकसा सेन्सर ते ओळखतो आणि पडदा बंद करतो, नाहीतर बोलता बोलता गालानेच फोन कट व्हायचा. कानापासून लांब धरलास की उजेड परत येईल. शिवाय बाबांची सगळी नोकरी पोस्टात गेली. पाकिटातून आलेलं ते दोनदा वाचतात, व्हॉट्सॲपवर आलेलं एकदाही नाही.

आधी रेंजचं. "दांड्या पूर्ण आहेत तरी नेट चालत नाही" ही बाबांची जुनी तक्रार. त्या दांड्या एवढंच सांगतात की टॉवरची लहर फोनपर्यंत किती जोरात पोचते आहे. त्याच टॉवरवर आणखी किती जण लटकले आहेत ते त्यांना सांगता येत नाही. गणपतीत मुंबईकर गावात उतरले की चिपळुणात दांड्या तेवढ्याच राहतात आणि नेट मात्र रांगायला लागतं, ते यामुळे. दुसरं कारण आईचं आहे. तुमच्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी डाटा मिळतो. दुपारच्या कीर्तनाच्या व्हिडिओंत तो संपला की नेट तुटत नाही, रडतखडत चालतं, आणि रात्री बारानंतर नवा कोटा सुरू होतो. घरात वाय-फाय घेतलंय ना, मग घरी असताना वरच्या पट्टीत त्याची कमानीसारखी खूण दिसते का तेवढं बघ. ती असेल तर कीर्तन कितीही ऐक, डाटा कापला जात नाही. ती खूण अंगणात तुळशीपाशी गेल्यावर नाहीशी होते, त्यात काळजीचं काही नाही.

"स्टोरेज फुल" म्हणजे फोन म्हातारा झाला असं नाही. सकाळच्या फुलांच्या शुभेच्छा आणि भावकीतले व्हिडिओ न विचारता आपोआप साठत राहतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डाटा' आहे, तिथे आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं. दिवाळीत येईन तेव्हा मी करून देईन. तोवर "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच साफ करा" अशी लाल पाटी आली तर तिला हात लावू नका. ती बहुतेक वेळा जाहिरात असते. फोन खरोखर आजारी असला तर असा आरडाओरडा करत नाही, नुसता मंदावतो आणि गरम होतो.

आता परवानग्या. नवं ॲप टाकलं की ते विचारतं, कॉन्टॅक्ट बघू का, फोटो बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का. आई सगळ्यांना होकार देते, बाबा सगळ्यांना नकार. दोन्ही नको. नकाशाला तुमची जागा कळायलाच हवी, नाहीतर तो रस्ता कसा दाखवणार? पण बॅटरीच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला? नकार दिला म्हणून फोन रुसत नाही, आणि नंतर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी देताही येते, काढताही येते.

इथून पुढचं मात्र बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा.

यूपीआयचा पिन चार किंवा सहा आकडी असतो आणि तो फक्त पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पोस्टात पैसे काढायच्या फॉर्मवर लोक सही करायचे, तीच ही सही. खात्यात पैसे जमा व्हावेत म्हणून कुणी कधी त्या फॉर्मवर सही केली होती का, बाबा? मग "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका" म्हणणारा खोटं बोलतो आहे. आपण स्कॅन करतो ते पैसे देण्यासाठी.

ओटीपी आला की लोक आकडा बघतात आणि आजूबाजूचा मजकूर सोडून देतात. खरी माहिती त्या मजकुरातच असते: हा कशासाठी आहे, किती रुपयांसाठी आहे. आपण काही मागवलं नसताना आला तर तो कुणाला वाचून दाखवायचा नाही, मग समोरचा बँकेचा मॅनेजर असो नाहीतर "मी तुमच्या मुलीच्या ऑफिसातून बोलतोय" असो. आई, ओळखीच्या नावावरून "माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, तेवढा पाठवा" असा मेसेज आला, तर तो त्या माणसाचा नसतो. त्याचं व्हॉट्सॲप आधीच कुणीतरी बळकावलेलं असतं आणि आता तुझ्यावर नजर असते. तसंच लग्नाच्या पत्रिकेचं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. शेवटी 'एपीके' असेल तर ते ॲप आहे, उघडलंस की तुझे मेसेज परस्पर वाचू शकतं. कुणाचंही लग्न असो, उघडायचं नाही, यजमानांना फोन करून तारीख विचारायची.

आणि ते गणवेशातले व्हिडिओ कॉल. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट' आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणाला सांगू नका. कायद्यात असली अटक नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं. यातलं "कुणाला सांगू नका" हे ऐकलं की बाकी काही ऐकायची गरज नाही. फोन ठेवा. उद्धट वाटेल, वाटू दे. आपल्या पिढीजात भिडस्तपणावरच या लोकांची पोटं भरतात. चुकून पैसे गेलेच तर रडत बसायचं नाही आणि मला सांगायला लाजायचंही नाही. आधी १९३० लावायचा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवण्याआधी अडवता येतात, म्हणून जितक्या लवकर तितकं बरं.

मेसेज कुणाचा ते ओळखायची एक सोय २०२५ पासून झाली आहे. कंपन्यांच्या आणि सरकारच्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी इंग्रजी अक्षर असतं: पी असेल तर जाहिरात, एस म्हणजे सेवेची माहिती, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. साध्या दहा आकडी नंबरवरून "वीज आज रात्री तोडणार" असं आलं तर ते कुठून आलं असेल, ते तुम्हीच सांगा.

फोनची एकच घाई मात्र खरी मानायची. अचानक कर्कश भोंगा वाजून पडद्यावर आपत्तीचा सरकारी इशारा येतो आणि फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा आई घाबरली होती आणि "हे बंद कर" म्हणाली होती. ते बंद करायचं नाही. हा मेसेज एकेका नंबरला जात नाही, त्या भागातले टॉवर तो सगळ्या फोनवर एकदम टाकतात, म्हणून लाइनवर गर्दी झाली तरी पोचतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा तुमचा फोन लागत नव्हता. टॉवरच बंद पडले तर हाही येणार नाही, पण पाणी चढण्याआधी आला तर वर जायला वेळ मिळेल. पावसाळ्यात फोन रात्री चार्ज करून ठेवा आणि मदतीचा ११२ नंबर लक्षात असू द्या.

बाबा, एक काम करा. फोन लावताना नंबर दाबतो तिथे स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. दोन सिमचा फोन आहे, म्हणून दोन दिसतील. ते तुमच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर या आकड्यांवरून तो बंद करता येतो. त्याच डायरीत पहिल्या पानावर यूपीआयचा पिन लिहिलाय, तो मात्र आजच खोडा. मी बघितलाय.

आई, तुला टायपिंगचा कंटाळा येतो ना, कीबोर्डवरच्या माइकवर बोट ठेव आणि मराठीत बोल. तो लिहितो. अधूनमधून विनोदी लिहितो, तेही पाठव.

तुमची,
मीनू

ता. क. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली का? तोवर फोनची अक्षरं मोठी करून घ्या: सेटिंग, डिस्प्ले, अक्षरांचा आकार. वरच्या आळीतल्या बंड्याला सांगितलंत तरी करून देईल, पण फोन त्याच्या हातात असताना तुम्ही शेजारी बसा.