लहान्याला काट्यावर बसू द्या

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा दोनदा ‘ठेवतो आता’ म्हणाले आणि आई मागून काय सांगत होती ते मला धड ऐकूच आलं नाही. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे एका बैठकीत वाचा आणि आईलाही वाचून दाखवा. राग आला तर माझ्यावर काढा, लहान्याला काही बोलू नका.

लहान्यानं हिंगणघाटला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर काम धरलंय, हे खरं आहे. कॉलेज सोडलं, हे मात्र कोणीतरी लावून दिलेलं आहे. बी.कॉम.चं दुसरं वर्ष चालू आहे. वर्ग सकाळचे असतात, दुपारी जेवून तो जिनिंगवर जातो आणि रात्री आठपर्यंत रूमवर येतो. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, ती त्याची आहे. मी हजेरीचा फोटो मागवून पाहिला.

तुमचं दुखणं वेगळं आहे, मला कळतं. ‘ज्या जिनात आपण कापसाची गाडी घेऊन उभे रायतो, तिथंच आपलं पोट्टं नोकर म्हणून बसन काय?’ असं तुम्ही म्हणालात. हे वाक्य मला रात्रभर लागून राहिलं. तुम्ही आयुष्यभर काट्याच्या आकड्याकडे डोळा लावून उभे राहिलात. वजनात मारतात की काय, ओलावा जास्त दाखवतात की काय, ही धाकधूक मी लहानपणापासून तुमच्या तोंडावर पाहिली आहे. त्या आकड्याच्या पलीकडच्या खुर्चीत आज आपला मुलगा बसतो. म्हातारा शेतकरी आला की तो वजन दोनदा मोठ्यानं वाचून दाखवतो, मग चिठ्ठी हातात देतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. तुमच्यासोबत गाडीवर बसून जे पाहिलं, त्यातून ते आलंय. मला तर याचा अभिमान वाटतो.

काम कसं मिळालं तेही सांगते, कारण आईला वाटतं कोणीतरी फसवून नेलं. कॉलेजातल्या ‘कमवा आणि शिका’च्या जागा मोजक्याच, त्या आधीच भरल्या होत्या. झेरॉक्सच्या दुकानापासून मोबाइलच्या दुकानापर्यंत तो सगळीकडे विचारून आला. मध्येच त्याच्या फोनवर मेसेज आला, घरबसल्या टायपिंगचं काम, पगार भरपूर, आधी नोंदणी फी भरा. त्यानं पैसे भरायच्या आधी मला फोन केला, हे त्याचं शहाणपण. काम देणारा कधी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, एवढी एक गोष्ट गावातल्या सगळ्या पोरांना सांगा, बाबा. आणि कोणाचे गेलेच असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे परत यायची आशा कमी.

आईनं विचारलं होतं की ती सरकारी प्रशिक्षणाची योजना याला का नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ साली निघाली. त्यात बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० आणि पदवी झालेल्याला १०,००० विद्यावेतन ठरलं. पण ज्याचं शिक्षण चालू आहे त्याला ती लागू नाही. लहान्या पदवीधर झाला की तेव्हाचे नियम पाहू.

जिनिंगचं काम त्याला कॉलेजातल्या एका सिनियरनं सांगितलं, तो गेल्या हंगामात तिथंच होता. लहान्या मुनीमजींना जाऊन भेटला. त्यांनी ना मार्कशीट पाहिली ना ओळख विचारली. एक कागद पुढे केला आणि हिशेब घातला. पिकअप भरलेली ३३ क्विंटल ६० किलो, रिकामी १८ क्विंटल २० किलो, भाव ८,११०, ओलावा १० टक्के. सांग, शेतकऱ्याला किती द्यायचे?

बाबा, हा हिशेब तुम्हीही करून पाहा. कापूस झाला १५ क्विंटल ४० किलो. ८,११० हा लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामातला क्विंटलचा हमीभाव. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ, तो पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच देते. त्यापुढे दर टक्क्याला भावातला एक टक्का कापतात आणि १२ च्या वर गेलं तर माल घेतच नाहीत. म्हणजे १० टक्क्यांना दोन टक्के गेले. पूर्ण भावानं १,२४,८९४ रुपये होतात, त्यातले २,४९८ नुसत्या ओलाव्यापायी कमी. लहान्यानं हे तोंडी काढलं. मुनीमजी म्हणाले, उद्यापासून ये.

त्या रात्री त्यानं मला फोन केला तेव्हा पगाराबद्दल चकार शब्द नाही. म्हणे, ‘ताई, बाबा दरवर्षी पहाटे वेचलेला दवाचा कापूस तसाच भरतात. आधी दोन दिवस ताडपत्रीवर वाळवला तर भावातली ही कपात टळते, माल परत यायची भीतीही राहत नाही.’ आपल्या घरचा हिशेब त्याला परक्याच्या नोकरीत सापडला. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई, म्हणजे नुसता धागा, निघते, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे बी. रुईची १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. हे आपण पिकवणाऱ्यांनी कधी मोजलंच नाही. आपला माल फाटकातून आत गेला की पुढे त्याचं काय होतं, कोण कशावर कमावतं, हे आपल्या घरातला एक माणूस पहिल्यांदा आतून पाहून राहिला आहे. बी.कॉम.च्या पुस्तकात हा धडा कुठेच नाही.

आईची भीती मशीनची आहे. त्याचं बसणं फाटकाजवळच्या काट्याच्या खोलीत आहे, मशीनच्या हॉलमध्ये नाही. तरी मी त्याला निक्षून सांगितलंय, गंजीकडे काम नसताना फिरकायचं नाही. कापसाला आग लागायला एक ठिणगी पुरते. रात्रपाळी घ्यायची नाही, पगार बँकेतच घ्यायचा, आणि परीक्षेच्या दिवसांत सुट्टी, हे मुनीमजींशी आधीच बोलून घेतलंय. धुळीसाठी नाकाला रुमाल बांधतो म्हणतो. बांधतो की नाही ते रविवारी तूच विचार, आई. मला तो खरं सांगणार नाही, तुला सांगेल.

पोलीस भरतीचंही बाबांच्या मनात आहे. तो पहाटे उठून १६०० मीटरचा सराव करतोच आहे, ते सुटलेलं नाही. पण भरती निघेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन वर्षं नुसतं वाट पाहत बसलेली पोरं आपल्याच गावच्या पारावर दिसतात ना? चांगली, कष्टाळू पोरं आहेत ती. त्यांच्याकडे पाहून माझा जीव तुटतो. भरतीत नाव आलं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. नाही आलं, तर याच्या हातात टॅलीवर हिशेब ठेवायचं काम असेल, जीएसटीचं बिल करता येत असेल, कामाचा अनुभव असेल. मला पहिली नोकरी लागली तेव्हा पगारातून पीएफ का कापला हे समजवायला कोणी नव्हतं. त्याला हे विसाव्या वर्षीच कळेल.

आणि बाबा, काम करत शिकण्यात कमीपणा कसला? शाळेत असताना तुम्हीच मला सेवाग्रामला नेलं होतं. आपल्याच वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि तिथून नई तालीम सुरू झाली. हातानं काम करायचं आणि त्या कामातूनच गणित, भाषा, सगळं शिकायचं. तिकडे साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तीही अशाच मुलांच्या घामावर उभी राहिली. गावात कोणी काही बोललं तर त्यांना एवढं ऐकवा. माझं नाव घेऊन ऐकवा.

आता मुद्द्याचं. रूमचं भाडं आणि मेस यासाठी तुम्ही कापूस खेड्यातच व्यापाऱ्याला देऊन टाकणार होतात. देऊ नका. भाडं आणि मेस आता त्याच्या पगारातून निघतं. हंगाम आहे तोवर तरी निघेल, पुढचे दोन महिने मी पाहीन. कर्जाचा हप्ता असेल तर तेवढं मला सांगा, लपवू नका. ज्या कापसासाठी आईनं पाठ मोडेपर्यंत वेचणी केली, तो घाईगर्दीत कमी भावात जाऊ नये, एवढीच माझी आणि लहान्याची इच्छा आहे. सीसीआयच्या ‘कपास किसान’ ॲपवर आपली नोंदणी झालेली आहे, कापूस न्यायची तारीख तो काढून देईल. सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत काढून ठेवा. पासबुक गेल्या वेळी देवघरात सापडलं होतं, आताच शोधून ठेवा.

आपली गाडी जाईल तेव्हा काट्यावर लहान्या नसेल, दुसरा कोणी बसेल. हे त्यानंच मुनीमजींना सांगून ठेवलंय, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको.

आई, गुडघ्याचं तेल पाठवते आहे, वेचणीला रोज जायचा हट्ट सोड. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्या. रविवारी तो आला की ‘जेवण कसं मिळते रे’ एवढंच विचारा. नोकरीचं त्याला आपणहून सांगू द्या. सांगायला तो फार उतावीळ आहे.

तुमची,
मोठी