वीज वेगळी, सेल वेगळा!

महोदय,

सौरऊर्जेवरचा कालचा अग्रलेख वाचला. जागतिक व्यापार संघटनेने आपल्या सरकारचे हात बांधले, ही तुमची तळमळ पोहोचली. पण बांधलेले हात घेऊन देशी सेलची, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांची, अट माझ्या गच्चीवर पोहोचली कशी, एवढे सांगा.

सरकार सौरवीज घेणार, पण ती बनवणाऱ्या प्रकल्पात सेल देशी हवेत, या आपल्या अटीवर अमेरिकेने या संघटनेकडे तक्रार केली. २०१६ मध्ये तिथे, जिनिव्हात, आपण का हरलो, हे तुम्ही एका ओळीत उरकलेत. खरी गंमत तिथेच होती. आपण म्हटले, ही सरकारी खरेदी आहे, तिला व्यापाराचे नियम लावू नका. संघटनेचे अपील मंडळ म्हणाले, तुम्ही विकत घेता वीज आणि भेदभाव करता सेलमध्ये. वीज वेगळी, सेल वेगळा. दूध वेगळे, म्हैस वेगळी, असे आमचा गवळी म्हणाला असता तर दारात उभा केला नसता! पुढे वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, मिशिगन या राज्यांनी स्थानिक मालाला दिलेल्या सवलतींवरून, भारताच्या तक्रारीवर, २०१९ मध्ये अमेरिकाही हरली. तिने अपील कुठे केले? नेमणुका अडवून स्वतःच खिळखिळ्या केलेल्या मंडळाकडे! २०२३ मध्ये दोन्ही सरकारांनी समझोता करून हे वाद मिटवले. मिटला नाही तो माझा.

गच्चीवर ३ किलोवॅट बसवले. केंद्राचे अनुदान ७८,००० रुपये, पण पॅनल आणि त्यातले सेल, दोन्ही देशी हवेत. या देशी मालाच्या अटीचे इंग्रजी लघुरूप म्हणजे डीसीआर. वेंडरने दर डीसीआरचा लावला, पैसे आगाऊ घेतले. पोर्टलवर पॅनलचे नंबर भरायची वेळ आली तेव्हा कळले, माल डीसीआर नाहीच. विचारले तर म्हणतो, ‘काका, पॅनल पॅनलच असतं, ऊन तर आपलंच आहे ना?’ हा युक्तिवाद जिनिव्हात कुणाला सुचला नाही, याचे वाईट वाटते. आता तो फोन उचलत नाही. अनुदान नाही आणि कुरडया वाळवायची जागाही गेली. घरात ते ऐकावे लागते ते वेगळेच.

सार्वभौमत्वावर जरूर लिहा. पण अग्रलेखाच्या समोरच्याच पानावर ‘वीजबिल शून्य, अनुदान हमखास’ ही पानभर जाहिरात होती. तिच्या तळाशी ‘अटी लागू’ असे आहे. त्या अटी भिंग लावूनही मला वाचता आल्या नाहीत. शब्दकोड्याचा टाइपही हल्ली तितकाच बारीक झाला आहे, तेवढे तरी बघा.

– एक जुना वाचक, मिरज