के-पॉपला मातीचा वास नाही म्हणे!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत के-पॉपवर, म्हणजे कोरियन पॉप संगीतावर, अख्खं पान दिलंत त्याबद्दल थँक्स, आमच्याकडे कधी नव्हे ते पोरांनी पेपर आधी ओढला. पण त्यात स्किनकेअर आलं, डाएट आलं, कोण कुणाला डेट करतंय ते आलं, आणि गाण्याबद्दल काय, तर शेवटी एक ओळ, की हे सगळं अमेरिकेकडून उचललेलं, मशीनवर बनवलेलं, याला स्वतःच्या मातीचा वासच नाही. ही ओळ काही पटली नाही, म्हणून लिहितेय.

बीटीएस या कोरियन बँडमधला शुगा सोलो गातो तेव्हा अगस्ट डी नाव लावतो, त्याचं 2020 चं 'देछ्वीता' ऐकून बघा. देछ्वीता म्हणजे पूर्वी कोरियात राजाच्या स्वारीपुढे, फौजेपुढे वाजायचं ते संगीत. पिवळ्या झग्यातले वादक उभे असतात, पुढचा एक जण खणखणीत आवाजात हुकूम देतो की घंटेवर टोला द्या आणि सुरू करा, आणि मग झांजा, ढोल, शंख, एकच सूर धरून बसणारा लांब पितळी कर्णा, सगळं एकदम सुटतं. यात चाल मात्र एकटी थेप्योंगसो, म्हणजे फुंकून वाजवायचं एक वाद्य, वाजवते. शुगाने तो हुकूम तसाच्या तसा गाण्याच्या सुरुवातीला ठेवलाय आणि त्या वाद्यांवरच रॅप केलंय. आता ही थेप्योंगसो कशी असते, तर निमुळती लाकडी नळी, तोंडाशी दुहेरी पत्ती, खाली धातूचं पसरट तोंड. अहो, आपल्या सनईची बहीणच की! उगाच ओढूनताणून नाही सांगत, दोन्ही इराणकडच्या सुरनाईच्या गोतावळ्यातल्या, एक आपल्याकडे रमली आणि दुसरी चीनमार्गे कोरियात गेली. आपण तिला लग्नमांडवात बसवलं, तिकडे ती सैन्यापुढे चालली, म्हणून तिचा आवाज इतका कडक, पहिल्यांदा ऐकताना कानात घुसतोच. आणि हे काय आजचं फॅड नाहीये, 1993 मध्येच सेओ ताइजी अँड बॉइज या कोरियन ग्रुपने 'हायोगा' गाण्यात मेटल गिटारच्या जोडीला हीच थेप्योंगसो घेतली होती.

दुसरं, पान्सोरी. एक गायक, हातात पंखा, शेजारी एक ढोलवाला, बस्स. तेवढ्यावर अख्खी कथा गाऊन, बोलून, अभिनय करून सांगायची, पूर्ण प्रयोग आठ आठ तास चालू शकतो. ऐकणाऱ्यांनी गप्प बसायचं नसतं, मधेच 'ओल्सू!', 'जोता!' असं ओरडून दाद द्यायची. बीटीएसच्या 2018 च्या 'आयडॉल'मध्ये जे 'ओल्सू' येतं ना, ते इथलं. आज पान्सोरीच्या पाचच कथा उरल्यात, त्यातली एक सुगुंगा. समुद्राचा राजा आजारी, औषध म्हणून सशाचं काळीज पाहिजे, कासव जमिनीवर येऊन सशाला गोड बोलून नेतं, आणि ससा म्हणतो काळीज घरीच राहिलं! ओळखीचं वाटलं ना? आपली माकड आणि मगरीची गोष्ट, बौद्ध जातककथांबरोबर तिकडे पोचलेली, असं अभ्यासक मानतात. लीनालची नावाच्या बँडने याच कथेतला वाघ येतो तो तुकडा दोन बेस गिटार आणि ड्रम्सवर बसवला आणि 2020 मध्ये कोरियाच्या टुरिझमच्या जाहिरातीतून तो जगभर गेला. भारी आहे, पाय आपोआप हलतात.

हे आपोआप टिकलं असंही नाही बरं का. 1910 ते 1945 जपानची सत्ता, मग 1950 ला युद्ध, देश पार मोडलेला. 1962 ला दक्षिण कोरियाने वारसा जपायचा कायदा केला, 1964 ला त्यात पान्सोरी घेतली, 1971 ला देछ्वीता. नुसतं सर्टिफिकेट नाही, जाणत्या कलाकाराला दरमहा मानधन आणि त्याने शिष्य तयार केलेच पाहिजेत ही अट. म्हणूनच शुगाच्या पिढीला हे आवाज अजून जिवंत सापडले, नुसते म्युझियममध्ये नाही.

आता सगळंच के-पॉप असं आहे असं माझं म्हणणं नाही. बऱ्याच गाण्यांचे संगीतकार स्वीडिश असतात, पोरापोरींना वर्षानुवर्षं ट्रेनिंगमध्ये पिळून काढतात, हे खरंय आणि त्यावर जरूर लिहा. व्हिडिओत थोडा वेळ डिझायनर हानबोक, म्हणजे कोरियाचा पारंपरिक पोशाख, घालून नाचलं की परंपरा झाली असंही मला वाटत नाही, ती सजावट.

हानबोकवरून आठवलं, तुमच्या पानावरच्या मोठ्या फोटोखाली 'किमोनो' छापलंय! आखूड जाकीट, छातीशी रिबीनीची गाठ, खाली घेरदार घागरा, हा हानबोक. किमोनोला कमरेला रुंद पट्टा असतो आणि तो जपानचा. ज्या जपानने कोरियन लोकांना स्वतःची नावंसुद्धा बदलायला लावली त्याचा पोशाख त्यांच्या अंगावर छापायचा म्हणजे फार झालं. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनात चीनच्या बाजूने एक बाई हानबोकमध्ये दिसली तर कोरियात केवढा गदारोळ झाला होता, इतका नाजूक विषय आहे हा.

तेव्हा दुरुस्तीची चौकट तेवढी छापा. आणि पुढच्या वेळी पान कराल तेव्हा एखाद्या चांगल्या सनईवाल्याला 'देछ्वीता' ऐकवा आणि त्यांना काय वाटतं ते छापा, मला तरी ते वाचायला आवडेल.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली