वहीच्या बैठकीला येताना : जुने फोटो आणि रोजची चिठ्ठीचपाटी

सर्व सभासदांना कळवण्यात येते की या वेळी आपण 'घरातला एक साधा दिवस' या विषयावर आपल्या आठवणींच्या वहीची (स्क्रॅपबुकची) पानं करणार आहोत. लग्न-मुंजीचे फोटो नकोत. डबा भरणारे हात, दारातल्या चपला, दोरीवरचे कपडे असे फोटो आणा.

४×६ इंची प्रिंटसाठी १२००×१८०० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो बहुधा लहान झालेला असतो. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो कृपया ओढून काढू नका. कोपरा वाकतो आणि वरचा थर तडकतो, तो परत जुळत नाही. दात साफ करायचा मेण नसलेला धागा कोपऱ्यातून फोटोखाली सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या. तरीही सुटला नाही तर आधी पानासकट स्कॅन करा, मग तसाच राहू द्या.

वाण्याच्या चिठ्ठ्या, तिकिटं जरूर लावा. मात्र दुकानातलं गुळगुळीत छापील बिल उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या (थर्मल) कागदावरचं असतं, ती अक्षरं पुढे उडतात. त्याची झेरॉक्स आणा.

फोटोमागे बॉलपेन नको, दाब पुढे उमटतो. नावं, गाव, साल फोटोखाली पानावरच लिहा. आजी-आजोबांना विचारून आत्ताच लिहा, हे फार महत्त्वाचं आहे.

सोबत आणा : आम्लमुक्त (ॲसिड-फ्री) जाड कागद, फोटो-कॉर्नर (फोटोचे कोपरे अडकवायचे छोटे त्रिकोणी खिसे, दर फोटोला चार), कात्री. डिंक, सेलोटेप आणू नये.