कुणाचा रं तू?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोबाईलवर वंशावळ कशी मांडावी, हा लेख वाचला. त्यातल्या तक्त्यात रकाने चार: नाव, जन्म, मृत्यू, फोटो, झालं. मी तीस वर्षं तलाठी होतो. वारसनोंदी घालता घालता एक गोष्ट कळली, की नुसत्या नावावर विसंबू नये. माझ्या सजातल्या एकाच गावात चार पांडुरंग जाधव. सातबाऱ्यावर चौघे सारखेच. गावात मात्र एक विहिरीवरचा, एक मुंबईवाला, एक ताशेवाला आणि चौथ्याचं टोपणनाव आपण छापणार नाही.

हे पुन्हा आठवलं ते स्कॉटलंडच्या लुइस बेटावर. मुलगी तिथं स्टॉर्नोवेला नर्स आहे, तिच्याकडे दोन महिने राहून आलो. बेटावर अजून गेलिक बोलणारी घरं आहेत आणि मॅकलाउड, मॉरिसन, मॅकडोनल्ड इतके, की आडनावावरून माणूस सापडायचाच नाही. मग डोनल्ड म्हणजे कॅलमचा डोनल्ड, रॉडरिकचा नातू, अशी उतरंड सांगतात, नाहीतर टोपणनाव. जुनी माणसं अनोळखी पोराला विचारतात, ‘को लेश ऊ?’ म्हणजे ‘कुणाचा तू?’ तासगावच्या बाजारात कुणी हटकावं तसं वाटलं मला!

बेटाच्या उत्तर टोकाला नेस हा गावांचा पुंजका आहे. तिथल्या लोकांनी १९७७ साली आपलं इतिहास मंडळ काढलं. क्रॉफ्ट म्हणजे कुळाकडची लहानशी जमीन, आपला गट नंबर समजा. कोणत्या क्रॉफ्टवर कोण नांदलं, कोण परदेशी गेलं, हे त्यांनी गावातल्याच माणसांना विचारून उतरवलं. फेरफारच तो, पण माणसांसकट.

त्याआधी स्कॉटलंडच्याच रासे बेटाचा कॅलम मॅक्लीन हेच करत, लोकांच्या तोंडच्या गोष्टी टिपत हिंडला. १९४६पासून आयर्लंडच्या लोककथा आयोगासाठी आणि १९५१पासून एडिनबरा विद्यापीठाच्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजसाठी. कर्करोगात डावा हात गेला तरी थांबला नाही. १९६० साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला. आयोगाच्या दिवसांत बोलणं मेणाच्या नळकांड्यावर घ्यायचं, शब्दन् शब्द वहीत उतरवायचा आणि मेण तासून तेच नळकांडं पुढच्या माणसासाठी वापरायचं. मजकूर राहिला, आवाज गेला. पुढे टेप आल्या. त्यांतल्या कितीतरी आता ‘तोबर अन दुअलखिश’, म्हणजे वारशाची विहीर, या संकेतस्थळावर घरबसल्या ऐकता येतात. सांगणाऱ्याच्या नावानं शोधलं की नातवाला आजोबाचा आवाज सापडतो.

काही गोष्टी मात्र विचारूनही मिळत नसत. १ जानेवारी १९१९च्या पहाटे युद्धावरून परतणाऱ्या नाविकांची ‘आयोलेर’ बोट स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी फुटली, २०१ जण बुडाले. कित्येक घरांत पुढे अनेक वर्षं त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. तसल्या घरात अ‍ॅप काय विचारणार?

आमच्याकडे हेळवी यायचा, बैल घेऊन. ओसरीवर बसून चोपडीतून पिढ्या वाचायचा. आईच्या माहेरचं नाव मी त्यात कधी ऐकलं नाही. म्हणून विनंती अशी, की आपण छापलेल्या तक्त्यात दोन रकाने वाढवा: ‘गावात काय म्हणायचे’ आणि ‘हे कुणी सांगितलं’. आणि सांगणाऱ्याचं बोलणं त्याच्याच बोलीत लिहा. पुस्तकी केलं की त्यातला माणूस निघून जातो.

परवा मी सुरुवात केली. मावशी अठ्ठ्याऐंशीची. फोन समोर ठेवून म्हटलं, तुझ्या आईचं सांग. ती फोनकडे बघून म्हणाली, “आधी ह्ये कोन ऐकनार त्ये सांग. त्येच्या म्होरं किती सांगायचं त्ये मी ठरवीन.”

आपला,
एक निवृत्त तलाठी, तासगाव